बहादूरचा मराठी सेट जमवताना: रद्दी, टपाल आणि एक निर्लेखन

मराठी इंद्रजाल कॉमिक्समधले बहादूरचे सुरुवातीच्या वर्षांतले अंक, म्हणजे १९७६ पासून पुढची चार-पाच वर्षं, एवढीच माझी यादी होती आणि ती नोव्हेंबर २०२५ मध्ये एकदाची संपली. जानेवारीत सुरू केलं होतं. मधल्या काळात इतक्या जणांनी विचारलं की हे मिळतं कुठं, किती पैसे गेले, खोटं कसं ओळखायचं, कोल्हापुरात बसून जमतं का, की शेवटी म्हटलं सगळं एकदा सलग लिहून टाकावं. लांबलंय, चहा घेऊन बसा.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्सवाल्यांनी मार्च १९६४ मध्ये सुरू केलं, पहिला अंक ६० पैशांना, आणि १९९० मध्ये बंद झालं. वेताळ (म्हणजे फँटम), मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन ही सगळी बाहेरची मंडळी, पण बहादूर आपला. आबिद सुरतींनी १९७६ मध्ये उभा केला, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. भगवा कुर्ता, खाली जीन्स, जयगढ गाव, डाकू, नागरिक सुरक्षा दल म्हणजे नासुद, आणि सोबत बेला. आमच्या मंगळवार पेठेत तेव्हा एका घराच्या ओट्यावर भाड्यानं कॉमिक्स मिळायची, तिथं वेताळावर पोरांच्या उड्या असायच्या म्हणून माझ्या वाट्याला कायम बहादूर यायचा, तर तिथून हे वेड.

जानेवारीत पहिलं काम केलं ते यादीचं. हे कंटाळवाणं काम आहे पण ते न करता बाजारात जाऊ नका. इंटरनेटवर इंग्रजी इंद्रजालच्या याद्या मिळतात, पण मराठी अंकावर नाव मराठी, ते कधी इंग्रजीशी जुळतं कधी नाही, त्यामुळं मी नंबर, मराठी नाव आणि मुखपृष्ठावर काय चित्र आहे ते एका ओळीत, असं वहीत लिहून काढलं. आणखी एक घोळ म्हणजे पुढच्या काळात सलग नंबर जाऊन खंड आणि अंक अशी पद्धत आली, त्यामुळं नंबर नुसता बघून चालत नाही, आतलं छापलेलं साल बघायचं. वहीचं दीड पान भरलं. त्याच पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवला, कारण रद्दीच्या दुकानात वही काढली की भाव वाढतो, मोबाईल तर काय सगळेच बघत असतात. वर्षाचं बजेट दहा हजार ठरवलं आणि एका अंकाला जास्तीत जास्त चारशे. हे चारशे मी कुठून आणले मला माहिती नाही, पण ते ठरवलं होतं म्हणून पुढं बऱ्याच वेळा वाचले.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गावातच फिरले. लक्ष्मीपुरी, रविवार पेठ, शाहूपुरीच्या मागच्या गल्ल्या, जिथं जिथं रद्दीचा काटा दिसेल तिथं. सुरुवातीला सगळीकडं एकच उत्तर, "ताई, आता कुठं कॉमिक, आता नुसती पेपरची रद्दी आणि पुठ्ठा." आणि ते खरंच असतं. कॉमिक घेऊन माणूस रोज येत नाही, वर्षातून एखाद्या वेळी येतं, आणि ते आलं त्या दिवशी दुकानदाराला तुमची आठवण झाली पाहिजे, एवढाच ह्यातला खेळ. म्हणून मी घासाघीस बंद केली. रविवार पेठेतले एक मामा आहेत, त्यांच्याकडं दर पंधरा दिवसांनी जाऊन काही ना काही घ्यायचे, अगदी जुनी दिवाळी अंकांची चळत का असेना, आणि जाताना नंबर देऊन यायचे. मार्चअखेर त्यांचा फोन आला, "वहिनी, ते तुमचं घोड्यावरचं कायतरी आलंय बघा." घोड्यावरचं म्हणजे वेताळ निघाला, पण त्या गठ्ठ्यात खाली दोन बहादूर होते. मामांनी किलोवर दिले असते, पंधरा रुपये किलोनं, मी प्रत्येकी पन्नास दिले. त्यावर मामा म्हणाले, "असं व्हय, मग पुढच्या वेळी आधी तुम्हालाच फोन." आता कोणी म्हणेल की किलोवर घ्यायचे ना. घ्या की, पण मग पुढचा फोन तुम्हाला येणार नाही.

सीझन पण सांगते. शाळेच्या परीक्षा संपल्या की एप्रिल-मे मध्ये आणि दिवाळीच्या आधी साफसफाईत, हे दोन मोठे. घर बदलणारे, वाडा पाडून अपार्टमेंट करणारे, हे वर्षभर चालू. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र रद्दीत हात घालू नका, सगळं ओलं असतं, आणि राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची पातळी ३९ फुटांकडं, म्हणजे इशारा पातळीकडं चालली की नदीकडच्या गोदामवाल्यांना तुमच्या कॉमिकशी बोलायला वेळ नसतो, ते माल वर चढवायच्या गडबडीत.

ह्यावरून पुराचं. कोल्हापुरात जुनी पुस्तकं शोधणाऱ्यानं हे शिकलंच पाहिजे. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, ह्या दोन पुरांत गावातली किती कपाटं गेली त्याचा हिशेब नाही. कितीतरी घरी मी विचारलं आणि "होती की, पुरात गेली" असं उत्तर मिळालं. आणि जी वाचली, वाळवून परत विकायला आली, ती वरून ठीक दिसतात. मधलं पान उघडा, खालच्या कडेला तपकिरी रेघ दिसली की ती पाण्याची. पानं लाटांसारखी, पिना गंजलेल्या, आणि पिनेच्या भोवती बारीक गाळ अडकलेला असतो तो बोटाला लागतो. वास तर कळतोच. असा अंक मी वीस रुपयांच्या वर घेत नाही, आणि घेतला तरी दुसऱ्या अंकांपासून लांब ठेवते कारण त्यातली बुरशी पसरते.

एप्रिलमध्ये मोठं घबाड, पण ते हातात पडेपर्यंत जुलै उजाडला. करवीर तालुक्यातल्या एका गावातलं सार्वजनिक वाचनालय, नाव सांगत नाही, तिथल्या ग्रंथपाल बाई माझ्या नणंदेच्या ओळखीच्या. त्यांच्या बालविभागात सत्तर-ऐंशीच्या दशकातली कॉमिक्स पोत्यात बांधून माळ्यावर पडलेली. मी म्हटलं विकत द्या. त्या म्हणाल्या, असं देता येत नाही, त्यावर दाखल क्रमांक आहे, दाखल नोंदवहीत नोंद आहे, आधी निर्लेखन, म्हणजे रीतसर नोंदीतून काढणं, व्हायला पाहिजे. मग कळलं ते असं की आधी फाटलेल्या, वापरात नसलेल्या पुस्तकांची यादी करायची, दाखल क्रमांक, नाव, किंमत सगळं, मग ती कार्यकारी मंडळाच्या मीटिंगमध्ये ठेवायची, ठराव मंजूर करायचा, मग विक्रीसाठी दरपत्रकं मागवायची, मग नोंदवहीत लाल शाईनं शेरा आणि प्रत्येक पुस्तकावर "रद्द" शिक्का. मंडळाची मीटिंग दोन-तीन महिन्यांतून एकदा, एप्रिलची होऊन गेलेली.

यादी कोण करणार हा प्रश्न होता, बाई एकट्या. मी म्हटलं मी बसते. मे महिन्यातल्या दुपारी जाऊन बसायचे, त्या दाखल क्रमांक वाचायच्या, मी लिहायची. त्यात माझा स्वार्थ उघड होता पण त्यांचं पण काम झालं, कॉमिक्सबरोबर पाठ्यपुस्तकं, फाटकी मासिकं सगळ्याचीच यादी झाली. साध्या कागदावर अर्ज दिला, "निर्लेखित बालसाहित्य रद्दी दराने खरेदी करण्याबाबत", वर पोच घेतली. तुम्ही असं काही करणार असाल तर पोच घ्याच, मीटिंगला अर्ज पुढं ठेवताना तारीख लागते. जूनच्या शेवटी ठराव झाला. दरपत्रकं तीन आली, दोन रद्दीवाल्यांची, एक माझं. मी किलोला तीस रुपये लिहिलेले, ते सगळ्यात जास्त निघालं, पण अट अशी की नुसती कॉमिक्स नाही, पूर्ण लॉट उचलायचा. म्हणजे जुनी भूगोलाची पुस्तकं पण. एकूण अठ्ठ्याहत्तर किलो, २३४० रुपये, रीतसर पावती, आणि टेम्पोचे सहाशे वेगळे. टेम्पोवाल्यानं विचारलं, "वहिनी, एवढी रद्दी कशाला आणि ती पण गावातनं शहरात?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. कॉमिक्स सोडून बाकीचं रविवार पेठेतल्या मामांकडं परत घातलं, त्यातून साडेआठशे सुटले.

लॉटमध्ये काय होतं ते सांगते, कारण इथं खरा फायदा कशात असतो ते कळेल. सुटे अंक थोडे. बाकी सगळे बाइंडिंग केलेले, आठ-दहा अंक एकत्र शिवून वर पुठ्ठा. जुनी वाचनालयं असंच करायची, नाहीतर पोरांच्या हातात महिनाभर टिकायचं नाही. बाइंडिंग करताना कडा कटरनं कापलेल्या असतात, कधी मुखपृष्ठाचं नाव अर्धं जातं, मधून दोऱ्याची भोकं. मुखपृष्ठं काही ठिकाणी काढूनच टाकलेली. सीरियस कलेक्टर असल्या खंडाला हात लावत नाहीत, आणि म्हणूनच ते स्वस्त. मला वाचायला पण पाहिजेत आणि शिक्के मला आवडतात, त्यामुळं माझ्या यादीतले जवळपास निम्मे अंक ह्या खंडांतून निघाले. परत विकण्यासाठी घेणाऱ्यानं हे करू नये, त्याला पैसे सुटणार नाहीत. आणि खंड उसवू नका. एक उसवून बघितलेला मी दुसऱ्याकडं पाहिलाय, पानाच्या आतल्या कडेला डिंक असतो तो कागद घेऊनच निघतो.

पावसाळाभर साफसफाई. कागद न्यूजप्रिंट, तो पिवळा-तपकिरी पडणारच, तो पांढरा करायच्या भानगडीत पडू नका आणि उन्हात तर अजिबात ठेवू नका. मऊ ब्रशनं धूळ काढायची. गंजलेली पिन आतल्या बाजूनं हळू सरळ करून काढायची, जोरानं ओढली की कागद फाटतो. सेलोटेप कुठंच लावायचा नाही, लॅमिनेशन तर पापच, एका गृहस्थांनी प्रेमानं लॅमिनेट केलेला पहिल्या वर्षातला बहादूर मी शंभरला पण घेतला नाही. कसर लागलेले अंक झिप पिशवीत हवा काढून बंद करायचे आणि डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, एक दिवस तशीच ठेवायची, नाहीतर बाहेरच्या दमट हवेचं पाणी कागदावर बसतं. सासूबाईंनी फ्रीजर उघडला आणि मटाराच्या पिशवीखाली बहादूर बघून नुसतं विचारलं, "हे किती दिवस मुरवायचंय?"

पिशव्यांचं पण बघा. कॉमिकसाठी म्हणून ऑनलाइन मिळतात त्या अमेरिकन मापाच्या, आपल्या अंकाला सैल होतात. मी अंक घेऊन पट्टीनं मोजून कपड्याच्या दुकानांना पिशव्या पुरवणाऱ्याकडं गेले आणि पीपी (पॉलिप्रोपिलीन) प्लास्टिकच्या त्या मापाच्या घेतल्या, शंभर नग एकशे ऐंशीला. पीव्हीसी घेऊ नका, चिकटतं. चिकटपट्टी झाकणावर असते तशी नको, अंक काढताना मुखपृष्ठ त्याला लागतं. मागं घालायचे अ‍ॅसिड-फ्री बोर्ड मात्र बाहेरून मागवावे लागले आणि ते महाग पडले, साडेनऊशे.

ऑगस्टच्या शेवटी, पाऊस उघडल्यावर, एका रविवारी पुण्याला गेले. पहाटेची एसटी, स्वारगेट, तिथून जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरतो. ज्यांना कोल्हापुरात मिळत नाही म्हणून पुण्याला जावंसं वाटतं त्यांना सांगते, तिथं माल आहे पण तिथल्या विक्रेत्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहिती आहे. इंद्रजाल म्हटलं की चारशे, वेताळ असेल तर हजारापासून बोलणं. एक बहादूर साडेतीनशेला घेतला, जाण्यायेण्यात त्याच्या दुप्पट गेले. अमर चित्र कथा मात्र तिथं चांगल्या मिळाल्या, चाळीस-पन्नासला एक, इंडिया बुक हाऊसच्या. ह्यात एक सोपी खूण, २००७ मध्ये अमर चित्र कथा दुसऱ्या कंपनीकडं गेली, त्यामुळं इंडिया बुक हाऊसचं नाव असेल तर प्रत त्याच्या आधीची. राम वाईरकर, प्रताप मुळीक ह्यांची चित्रं बघायची तर जुनीच प्रत घ्या.

सप्टेंबरमध्ये ऑनलाइन. फेसबुकवरच्या ग्रुपांत विक्रेता फोटो टाकतो, खाली पहिला जो "क्लेम" लिहील त्याचा, किंवा मग लिलाव रात्री दहापर्यंत. लिलावात शेवटच्या दोन मिनिटांत जे होतं ते बघण्यासारखं असतं, शांत वाटणारी माणसं पेटतात. मी माझा आकडा एकदाच टाकायची आणि मोबाईल चार्जिंगला लावून झोपायची. इथं एका विक्रेत्याकडून साडेतीनशेला घेतलेला अंक आला तो आतून अस्सल आणि मुखपृष्ठ कलर झेरॉक्स. भिंगातून बघितलं की कळतं, जुन्या छपाईत रंगांचे वेगवेगळे ठिपके दिसतात आणि ते थोडे सरकलेले असतात, झेरॉक्सचा पृष्ठभाग चकचकीत आणि घडीवर रंगाचा पापुद्रा निघतो. शिवाय पिना नव्या कोऱ्या. भिंगातले फोटो काढून पाठवले, बरीच वादावादी होऊन दोनशे परत आले. आता मी पैसे पाठवायच्या आधी चार फोटो मागते, मुखपृष्ठ, मलपृष्ठ, मधलं पान पिनांसकट, आणि अंकावर आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवून एक. जो हे द्यायला कुरकुरतो त्याच्याकडून घ्यायचं नाही.

राहिलेले काही अंक अदलाबदलीत मिळाले, नाशिकचे एक काका, त्यांना मँड्रेक पाहिजे होते, माझ्याकडं वाचनालयाच्या लॉटमधले डबल. इथं टपालाचं सांगते. पूर्वीचं रजिस्टर्ड बुकपोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, त्याच्याऐवजी मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलंय, तीनशे ग्रॅमला २० रुपये ते पाच किलोला १०० रुपये, वर टॅक्स. ट्रॅकिंग मिळतं. मी आनंदानं गठ्ठा घेऊन गेले. काउंटरवरच्या मॅडमनी एक अंक उघडायला लावला, आतली बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, "हे पाक्षिक आहे." मी म्हटलं, "मॅडम, बंद होऊन पस्तीस वर्षं झाली." त्या म्हणाल्या, "बंद असू दे, नियतकालिक ते नियतकालिक, ज्ञान पोस्टला चालत नाही. पुस्तक असेल, त्यावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव असेल तर देते." नियमानं त्यांचं बरोबरच होतं. मग स्पीड पोस्टनं पाठवलं, रजिस्टर पोस्ट पण १ सप्टेंबर २०२५ पासून त्यातच गेलंय. दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, वरून प्लास्टिक, आणि गठ्ठ्याला सुतळी आवळायची नाही, कडा दबतात. काकांचं पार्सल चौथ्या दिवशी आलं.

दिवाळीच्या आधी शिवाजी पेठेतून फोन, मामांच्या दुकानात एक आजोबा चौकशी करून गेलेले. जुनं घर, ट्रंक, त्यात मुलाची कॉमिक्स. मुलगा बंगळूरला. ट्रंक उघडली तर वर डांबरगोळ्या, खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले अंक, पुराचं पाणी त्या माडीपर्यंत पोचलेलं नव्हतं. माझ्या यादीतले राहिलेले एक सोडून सगळे तिथं होते, आणि पंचवीसेक वेताळ. आजोबा म्हणाले, "पोरी, पाचशे दे आणि घेऊन जा सगळं, मला जागा पाहिजे." आता इथं काय करायचं हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी त्यांना मोबाईलवर वेताळाचे भाव दाखवले. ते चष्मा वर करून बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "ह्याच्यापायी मी त्याला लय मारलंय की गं." मग मुलाला फोन लावला, त्यानं वेताळ ठेवायला सांगितले, बहादूर दे म्हणाला. प्रत्येकी दोनशेनं घेतले. पाचशेत सगळी ट्रंक आली असती हे मला कळतं, घरी पण ऐकून झालंय. पण आजोबांनी त्यानंतर दोन घरं दाखवली, एकात काही नव्हतं आणि दुसऱ्यात किशोर मासिकाचे सत्तरच्या दशकातले अंक होते, ते तर त्यांनी फुकट दिले.

शेवटचा एक अंक नाशिकच्या काकांनीच नोव्हेंबरमध्ये पाठवला, मुखपृष्ठाचा कोपरा उंदरानं खाल्लेला, पैसे घेतले नाहीत, त्याच्याऐवजी तीन मँड्रेक मागितले, दिले.

हिशेब असा की अंकांना, लॉटला, टेम्पोला, पुण्याला, टपालाला, पिशव्या-बोर्डला सगळं धरून साडेनऊ हजार गेले, डबल अंक आणि रद्दी विकून तीन हजार परत आले. सगळ्यात महाग अंक पुण्याचा, सगळ्यात स्वस्त वाचनालयातले, खंडाची किंमत त्यातल्या अंकांत वाटली तर एकेक सहा-सात रुपयांना पडला. आता लोक विचारतात वेताळ कधी सुरू करणार. नाही करणार, त्याला जे पैसे लागतात ते माझ्याकडं नाहीत आणि एका अंकाला चारशेच्या वर मी अजून पण जात नाही. अमर चित्र कथेची मराठी यादी मात्र काढायला घेतलीय.